घरट्याखालची गोधडी

आमच्या बाल्कनीच्या छपराखाली भिंगऱ्यांनी घरटं बांधलं आणि त्याची राखण आपणच करायची, असं मी परस्पर ठरवून टाकलं. मला कुणी सांगितलं नव्हतं. पण एखादी गोष्ट मी मनावर घेतली की बाकीच्यांनी बाजूला व्हायचं, असा माझा स्वभाव आहे. त्यात चार पिल्लं निघाली. ती उडून जाईपर्यंत एकही दिवस फोटोविना जाऊ द्यायचा नाही, आणि चारच्या चार सुखरूप उडाली पाहिजेत, एवढंच त्या उन्हाळ्यात माझं मागणं होतं.  अजूनही ते दिवस मनात आले की आधी पिल्लं आठवत नाहीत, माझ्या सासूबाईंचा चेहरा आठवतो.

न्युरेम्बर्गला आम्ही सगळ्यात वरच्या, तिसऱ्या मजल्यावर राहतो. छपराची पुढे आलेली कड आणि भिंत जिथे मिळतात त्या कोपऱ्यात दोन पक्षी मे महिन्यात चिखलाचे गोळे आणून चिकटवायला लागले. पाठ निळी-काळी, पोट पांढरं, आणि पायांवर मोजे घातल्यासारखी पांढरी पिसं. जर्मनमध्ये त्यांना मेलश्वाल्बं म्हणतात, मी आपली भिंगरी म्हणते. पंधरा दिवसांत त्यांनी वाटीएवढं बंद घरटं उभं केलं, वर फक्त दोन बोटं जातील एवढं दार. मी थक्क होऊन बघत राहिले. आम्हाला हा फ्लॅट मिळवायला दीड वर्ष लागलं होतं.

सासूबाई त्याच सुमाराला आल्या. साताऱ्याकडच्या एका गावातून, तीन महिन्यांच्या व्हिसावर, पहिल्यांदाच. बॅगेत गहू, साबुदाणा, कुरडयांचा साचा आणि एक गोधडी. एवढी पांघरुणं घरात असताना गोधडी कशाला आणली, असं मी नवऱ्याला म्हणालेसुद्धा, आणि त्यांना ते ऐकू गेलं असावं. लाल-पिवळ्या चौकड्यांची, त्यांच्या आईच्या लुगड्यांची, चांगली जाडजूड होती. आल्याच्या दुसऱ्या दिवशी माझा मोठा कॅमेरा बघून त्या म्हणाल्या, माझा एक फोटो काढ गं, मधल्या बहिणीला पाठवायचाय, तिला वाटतं इथं बाराही महिने बर्फच असतो. मी म्हटलं, काढू की. कुरडया झाल्या की त्यांच्यासोबत काढ, म्हणाल्या. मी म्हटलं, हो, काढू.

कुरडया झाल्या. तीन दिवस गहू भिजत पडले, चिकाचा आंबूस वास जिन्यात उतरला आणि खालच्या मजल्यावरच्या बाईंनी माझ्या नवऱ्याला लिफ्टमध्ये थांबवून, तुमच्याकडे ड्रेनेजचा काही प्रॉब्लेम आहे का, असं अगदी सभ्यपणे विचारलं. जून कडकडीत तापला होता. बाल्कनीभर प्लॅस्टिक आणि त्यावर पांढऱ्याशुभ्र कुरडया. फोटो मात्र राहिला. तोवर अंड्यांतून पिल्लं बाहेर आली होती आणि माझा कॅमेरा दिवसभर वरच बघत होता.

आणि वरून शिटायचं की हो. चार पिल्लं आणि त्यांचे आईबाप, सगळे मिळून कुरडयांवर. माझा जीव वर-खाली. म्हटलं, आता सासूबाई चिडणार आणि काठी घेऊन घरटं पाडायला निघणार. म्हणून मी आधीच त्यांना बजावलं, की अहो आई, इथे हे घरटं कायद्याने संरक्षित आहे, हात लावायचा नाही, पाडायचं नाही, दुरुस्त करायला म्हणूनही त्याच्याजवळ जायचं नाही, नाहीतर मोठा दंड होतो, पोलीससुद्धा येतात. पोलिसांचं मी माझ्या मनाने घातलं होतं. त्यांनी शांतपणे कुरडयांचं प्लॅस्टिक बाल्कनीच्या दुसऱ्या टोकाला ओढलं आणि म्हणाल्या, लेकरं आहेत ती, कुठं जाणार. झालं, त्यांचा प्रश्न संपला.

माझा संपला नव्हता. ट्रायपॉड कुरडयांच्या मधे येत होता, आणि मला पिल्लांच्या चोची अगदी जवळून हव्या होत्या. मग मी एक छोटा वाइड अँगलचा कॅमेरा आणला, दर दहा सेकंदांनी आपोआप फोटो काढणारा. तो लावायला भिंतीत बसवायचा लोखंडी हात, म्हणजे ब्रॅकेट, आणला. आणि एका शनिवारी, शिडीवर चढून, घरट्यापासून वीतभर अंतरावर मी भिंतीत ड्रिलने दोन भोकं पाडली.

अकरा वाजता सुरू केलं आणि बाराच्या आत संपवलं. का, तर आमच्या बिल्डिंगमध्ये दुपारी एक ते तीन रूहेत्साइट असते, त्या वेळात कुणी आवाज करायचा नाही. खालच्या बाईंची झोप मोडू नये म्हणून मी घड्याळाकडे बघत भोकं पाडली. भिंतीला नुसत्या थुंकीच्या आणि चिखलाच्या जोरावर चिकटलेल्या घराचं काय होत असेल, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. डोंबलाचं पक्षीप्रेम. काँक्रीट जुनं, ड्रिल ठोके देणाऱ्या हॅमर मोडवर, सगळी भिंत थरथरत होती. भिंगऱ्या समोरच्या झाडावर जाऊन ओरडत होत्या. मी त्यांना मराठीत म्हणाले, झालं, झालं, दोन मिनिटं.

संध्याकाळी त्या परत पिल्लांना भरवायला लागल्या. मी फोनवर फोटो बघितले आणि हवेत तरंगायचीच बाकी होते. चार उघड्या पिवळ्या चोची, घशापर्यंत दिसणाऱ्या. ऑफिसच्या ग्रुपवर टाकले. गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर, असेच जवळून हवेत, असं आमच्या टीममधल्या हौशी फोटोग्राफरने लिहिलं आणि मी दुसऱ्या दिवशी दिवसभर खूष.

तीन-चार दिवसांनी सकाळी चहा घेता घेता सासूबाई म्हणाल्या, त्या घरट्याला वरच्या अंगाला तडा गेल्यासारखा दिसतोय. जन्मभर भिंती लिंपल्या, जमिनी सारवल्या त्यांनी. चिखल कुठे उलतो ते त्यांना लांबून कळतं. थोडा चिखल कालवून बोटाने लावला असता तर, असंही म्हणाल्या. माझ्या डोळ्यांसमोर शिडीवर चढलेल्या बहात्तर वर्षांच्या सासूबाई आणि दारात पोलीस, असं चित्र उभं राहिलं. मी वर न बघताच म्हटलं, अहो आई, मी रोज हजार फोटो बघते त्याचे, तडा असता तर मला दिसला नसता का. 

त्या दिवसापासून त्यांनी गोधडी बाल्कनीत पसरायला सुरुवात केली. बरोबर घरट्याखाली. दुहेरी घडी घालून. मी विचारलं तर म्हणाल्या, ऊन दाखवते तिला, आणि खाली काहीतरी मऊ असलेलं बरं. आता कॅमेरा वरून तिरका खाली बघत होता. पुढे घरटं आणि मागे बाल्कनीची राखाडी फरशी, अशी छान शांत पार्श्वभूमी. त्यात हे लाल-पिवळं धूड. प्रत्येक फोटोत. माझ्या डोळ्यांत खुपायला लागलं. मी ती उचलून त्यांच्या खुर्चीवर ठेवायची. ऑफिसातून परत यावं तर पुन्हा खाली. पुन्हा उचलायची. आठवडाभर आमचा हा मूक खेळ चालला. शेवटी एका गुरुवारी सकाळी निघताना मी ती उचलली, घडी घातली, आतल्या कपाटात सगळ्यात वरच्या कप्प्यात टाकली आणि कपाट लावून घेतलं. त्यांचा हात तिथे पोचत नाही. ते माहीत असूनच टाकली.

त्या दिवशी ऑफिसात माझ्या फोनवर सासूबाईंचे तीन मिस्ड कॉल होते. मीटिंगमध्ये होते. पाऊस येईल का, कुरडया उचलू का, असलं काहीतरी असणार म्हणून मी परत फोन केला नाही. नवरा कामासाठी दोन दिवस म्युनिकला गेला होता. पाचला घरी आले, बाल्कनीचं दार उघडं होतं. मी वर बघितलं.

भिंतीवर नुसता मातीचा ओला-सुका डाग होता.

मला आधी कळेचना मी काय बघतेय. मग खाली बघितलं. फरशीवर ढेकळं, पिसं, वाळलेलं गवत. कोपऱ्यात वर्तमानपत्राच्या तुकड्यावर दोन पिल्लं, पंख मिटलेली, माना वाकड्या. आणि सासूबाई वाकून झाडू मारत होत्या. हातात झाडू. तो झाडू बघितला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काय काय बोलले ते सगळं आता सांगवत नाही. नको म्हणून सांगितलं होतं तरी हात लावलातच ना, कुरडया एवढ्या महत्त्वाच्या होत्या का, जिथे तिथे स्वच्छता करायची कुणी सांगितलीय, असं सगळं. त्या कमरेवर हात ठेवून हळूहळू सरळ झाल्या. पडलं ते, एवढंच म्हणाल्या. मी म्हटलं, आपोआप पडतं का कधी, एवढे दिवस बरं पडलं नाही. आणि मग माझ्या तोंडून ते निघून गेलं.

"अहो आई, हे तुमचं घर नाहीये."

त्यांनी झाडू भिंतीला टेकवला. माझ्याकडे बघून, अजिबात आवाज न चढवता म्हणाल्या, "नाहीच आहे." मग आत गेल्या आणि वेताची लहान टोपली घेऊन आल्या. तिच्यात त्यांच्याच जुन्या मऊ पातळाचा तुकडा, आणि त्यावर दोन पिल्लं, जिवंत, चोची उघडून बघणारी. टोपली त्यांनी माझ्या हातात दिली. "दोन आहेत. त्यांचं काय ते बघ आधी. माझं नंतर बोल," म्हणाल्या, आणि त्यांच्या खोलीत गेल्या.

 पक्ष्यांना मदत करणाऱ्या स्थानिक लोकांचा नंबर शोधून फोन लावला. तिकडच्या बाईंनी आधी मला शांत केलं. आल्झो, म्हणजे हं तर, म्हणाल्या, पिल्लं घरात ठेवू नका. जुन्या घरट्याच्या शक्य तितक्या जवळ, त्याच उंचीवर, एखादी वाटीसारखी वस्तू घट्ट बसवा, त्यात पिल्लं ठेवा आणि आत जा. उजेड आहे तोवर करा. आईबाप आवाज ऐकून येतील, बहुतेक येतात. आणि त्यासाठी भिंतीत ड्रिल मात्र करू नका, असं त्या शेवटी म्हणाल्या. मी कुठे म्हटलं होतं त्यांना ड्रिलबद्दल? सहज म्हणाल्या असतील. पण मला उगीच चटका बसला.

त्याच उंचीवर, भिंतीत आधीच बसवलेली एकच गोष्ट होती. कॅमेऱ्याचा लोखंडी हात. वाटी शोधायला स्वयंपाकघरात गेले तर ओट्यावर खोबरं काढून स्वच्छ केलेली करवंटी पालथी घातलेली, तिला दोन बाजूंना भोकं पाडलेली आणि शेजारी सुतळी. सासूबाईंनी दुपारीच तयार करून ठेवली होती. शिडीवर चढायची मात्र त्यांना बंदी होती, माझी आणि माझ्या पोलिसांची. मी शिडीवर चढले, कॅमेरा काढला, त्याच्या जागी करवंटी सुतळीने करकचून बांधली, पिल्लं आत ठेवली आणि खाली उतरून काचेचं दार लावलं.

सहा वाजले होते, लख्ख ऊन. भिंगऱ्या आल्या, डागाजवळ फडफडल्या, निघून गेल्या. पुन्हा आल्या, पुन्हा गेल्या. करवंटीकडे बघेनात. मी काचेआड बसून होते, हातात तो कॅमेरा. आणि काय सांगू, एवढं होऊनही माझ्या डोक्यात काय आलं? की ह्यात सगळं आलं असेल. दर दहा सेकंदांना. नवऱ्याला दाखवू, तुमच्या आईने काय केलं ते. पुरावा हवा होता मला.

मी फोटो उघडले.

अकराच्या सुमाराचा एक. घरटं जागेवर, दारात चोच. मागे सासूबाई खुर्चीत, मांडीवर ताट, शेंगा सोलताहेत. दहा सेकंदांनंतरचा. घरट्याचा पुढचा अर्धा भाग नाही. शेंगा फरशीवर पसरलेल्या, सासूबाई अर्धवट उठलेल्या, आणि उघड्या राखाडी फरशीवर दोन काळे ठिपके. त्यांच्या हातात झाडू नाही, काठी नाही. त्यांच्या आसपास काहीच नाही. घरट्यापासून त्या चार पावलं लांब आहेत.

पुढचा. भिंतीला उरलेल्या अर्ध्या कपच्यावर दोन पिल्लं एकमेकांना चिकटून. खाली सासूबाई, दोन्ही हातांनी पदर ताणून धरलेला, मान वर. पुढचा तसाच. पुढचाही तसाच. मी बोटाने फोटो सरकवत गेले आणि त्या तिथेच उभ्या. दहा फोटो. पन्नास फोटो. मधे कधीतरी फक्त चष्मा नाकावर घसरलेला, कारण तो वर करायला हात मोकळा नाही. मग डावा हात थोडा खाली आलेला, मग पुन्हा वर.  वेळ बघितली. तेवीस मिनिटं. बहात्तर वर्षांची बाई, दोन्ही गुडघे दुखरे, तेवीस मिनिटं हात वर करून उभी होती. मग एका फोटोत कपचा भिंतीवर नाही, आणि पदर जड होऊन मधे वाकलाय.

मिस्ड कॉल त्यानंतरचे होते. मी वेळा जुळवून बघितल्या.

मग मी उलटी मागे जायला लागले. आदल्या दिवशीचा फोटो मोठा केला. चोची, चोची, आणि वर, भिंतीला चिकटलेल्या कडेला, बोटाएवढी काळी फट. त्याच्या आदल्या दिवशी थोडी बारीक. त्याच्या आधी अजून बारीक. मी ग्रुपवर टाकलेल्या, सगळ्यांनी वाहवा केलेल्या फोटोतही ती होती, पिवळ्या चोचींच्या अगदी वर. शेवटी ड्रिलच्या शनिवारी पोचले. कॅमेऱ्याने काढलेला पहिलाच फोटो. केसाएवढी एक रेघ, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

 रडू आलं असतं तर बरं झालं असतं, तेही येईना. दहा-बारा दिवस, हजारो फोटो, प्रत्येकात तो तडा, आणि मी एकदाही बघितला नाही. आणि त्यांनी तडा दाखवला त्या दिवसापासूनच्या सगळ्या फोटोंत, कोपऱ्यात, ती गोधडी होती. लाल-पिवळी. गुरुवार सोडून रोज.

बाहेर पंखांची फडफड झाली. मी मान वर केली नाही. कॅमेरा तसाच हातात घेऊन सासूबाईंच्या खोलीत गेले. त्या पलंगावर पाय खाली सोडून बसल्या होत्या, दोन्ही दंडांना काहीतरी तेल चोळत. मला बघून त्यांनी पदर सारखा केला. फोटोतल्याच पातळाचा पदर, मातीने माखलेला. बदललासुद्धा नव्हता. मी त्यांच्यापुढे जमिनीवर बसले. मग नुसता कॅमेरा त्यांच्या पुढे धरला. त्यांनी चष्मा लावला आणि त्या छोट्या पडद्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. मान वर, हात ताणलेले, पायाशी शेंगा.

"हा कधी काढलास गं माझा फोटो?" त्यांनी विचारलं.

दोन महिने त्या एक फोटो मागत होत्या. मी म्हटलं, मी नाही काढला, तो आपोआप निघालाय. मग मी सगळं सांगितलं. भोकं माझी, तडा माझा, तुम्ही म्हणत होतात ते खरं होतं, तुम्हाला परत फोन मी मुद्दाम केला नाही, आणि मी जे बोलले ते कुठल्या तोंडाने परत घेऊ. त्या ऐकत होत्या. मधेच त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, पण हात जड झाला असावा, लगेच खाली घेतला. म्हणाल्या, खुर्ची जरा अलीकडे ओढून बसायला हवं होतं, तर ती दोन्हीही आली असती पदरात, माझंच चुकलं.

गोधडीचा शब्द त्यांनी काढला नाही. मी वाट बघत होते. काढतील, निदान विचारतील तरी, की सकाळी कुठे गेली ती. नाही विचारलं. मलाच राहवेना.

"अहो आई, गोधडी मी कपाटात टाकली होती. मुद्दाम वरच्या कप्प्यात."

"माहितेय मला," त्या म्हणाल्या. "खुर्चीवर चढून बघितलं मी. हात पोचला नाही."